फांदी आज तोडायची, लावायची उद्या

ठाण्यात वर्तकनगरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात समोरच्या काकूंनी लाल जिरेनियमची एक फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. देताना म्हणाल्या, "आज लावू नकोस हं. उद्या दुपारनंतर लाव. आणि लावल्यावर सारखं पाणी घालू नकोस."

मला ते पटलं नाही. जास्वंदाची, मोगऱ्याची फांदी तोडली की आपण ती कोमेजायच्या आत मातीत खोचतो. तशीच मी हीसुद्धा त्याच संध्याकाळी लावली, कुंडी भिजेपर्यंत पाणी घातलं आणि वरून प्लास्टिकची पिशवी घातली. आठव्या दिवशी फांदी मातीजवळ शाईसारखी काळी झाली होती. बोटांत धरली तर मऊ लागली, आणि हलकेच ओढल्यावर मूळ नसलेलं टोक हातात आलं. काकूंना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. दुसरी फांदी तोडली, पुन्हा कागदात गुंडाळली आणि पुन्हा तेच सांगितलं. या वेळी मी ऐकलं. ते झाड पुढे चार वर्षं टिकलं आणि आज माझ्याकडे त्याच्याच फांद्यांपासून झालेली झाडं आहेत.

काकू 'उद्या लाव' का म्हणाल्या, हे नीट कळलं की जिरेनियमचं जवळजवळ सगळंच कळतं. आपल्याकडे ते पावसाळ्यात का मरतं, मे महिन्यात का रुसतं, आणि तरीही इतक्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या का टिकून आहे, हे सगळं त्या एका सांगण्यात आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. नर्सरीत ज्याला आपण जिरेनियम म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जिरेनियम नाहीच. त्याचं खरं नाव पेलार्गोनियम. स्वीडिश वनस्पतितज्ज्ञ लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींची वर्गवारी केली, तेव्हा त्याने ही सगळी झाडं जिरेनियम या एकाच गटात घातली होती. पुढे 1789 मध्ये फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ लेरितिए याने पेलार्गोनियमचा वेगळा गट केला. पण तोवर युरोपातल्या माळ्यांच्या तोंडी जुनं नाव रुळलं होतं, ते सुटलं नाही आणि तेच आपल्यापर्यंत आलं. दोन्ही नावं पक्ष्यांवरून आली आहेत. ग्रीकमध्ये गेरानोस म्हणजे क्रौंच आणि पेलार्गोस म्हणजे करकोचा. फूल गळून गेल्यावर जे फळ धरतं, ते लांब चोचीसारखं दिसतं, म्हणून ही नावं.

दोघांतला फरक घरच्या घरी पाहता येतो. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन वेगळ्या आणि खालच्या तीन वेगळ्या. आताच्या संकरित जातींत हा फरक पुसट झाला आहे, पण एक खूण पुसलेली नाही. गौरीला आपण तेरडा आणतो ना, त्या फुलामागे मधाची एक वाकडी शेपटी लोंबत असते. पेलार्गोनियमलाही तशीच मधाची नळी असते, फक्त ती मोकळी लोंबत नाही, फुलाच्या देठालाच आतून चिकटलेली असते. सुट्या फुलाचा देठ चिमटीत धरून बोट हळूच खाली सरकवा. मध्येच एक बारीक उंचवटा लागतो. ती नळी तिथे संपते. मला हे कळलं त्या दिवशी मी गुच्छातली दहा-बारा फुलं तरी चाचपून पाहिली असतील.

आता या झाडाचं माहेर. पेलार्गोनियमच्या सुमारे 280 जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, विशेषतः केपच्या परिसरातल्या. खडकाळ उतार, पाणी न थांबणारी माती, दिवसभर कोरडा वारा आणि रात्री उतरणारा पारा, अशा जागी ही झाडं वाढली. पाणी मिळेल तेव्हा खोडात साठवायचं आणि न मिळेल तेव्हा त्यावर भागवायचं, अशी त्यांची रीत आहे. जिरेनियमचं कोवळं खोड कापून पाहिलं तर ते गुलाबासारखं काष्ठमय नसतं, रसरशीत असतं. म्हणजे कुंडीत दिसणारं हे फुलझाड अर्धं निवडुंगाच्या स्वभावाचं आहे.

काकूंच्या सांगण्याचा अर्थ इथे लागतो. अशा रसरशीत खोडाचा ताजा काप म्हणजे उघडी जखम. ती ओल्या मातीत गेली की मातीतल्या बुरशीला आत शिरायला आयती वाट मिळते. तोच काप सावलीत एक दिवस राहिला, तर त्यावर कोरडी खपली धरते आणि वाट बंद होते. एका दिवसात फांदी सुकत नाही, कारण तिच्या पोटात पाणी असतं. पिशवी घालून कोंडायचीही गरज नसते. उलट कोंडली की ती कुजते. वर्तमानपत्राचा कागद जास्तीची ओल शोषून घेतो, म्हणून काकू फडक्यात न देता कागदात द्यायच्या.

केपचं झाड जगभर पोचलं ते समुद्रमार्गे. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये केपला तळ उभारला, तो पूर्वेकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना ताजं पाणी आणि भाजी मिळावी म्हणून. तिथून परतणाऱ्या जहाजांवरून कंद, बिया, रोपं हॉलंडला जाऊ लागली. एक जात तर त्याच्याही आधी पोचली होती. पेलार्गोनियम ट्रिस्टे ही मळकट रंगाची, पण रात्री सुगंध सोडणारी जात 1630 च्या दशकाच्या सुरुवातीलाच इंग्लंडमध्ये जॉन ट्रेडस्कंट या बागवानाकडे होती. आपल्या रातराणीसारखाच तिचाही थाट: दिवसा कोणी बघायचं नाही, रात्री सगळ्यांनी शोधायचं. पुढे झोनेल आणि इन्क्विनन्स या दोन जंगली जातींच्या संकरातून आज गॅलऱ्यांत दिसणारं गोल पानांचं, गच्च गुच्छाचं झाड तयार झालं. पानावर घोड्याच्या नालासारखा जो काळपट पट्टा असतो, त्यावरून त्याला झोनल म्हणतात.

याखेरीज तीन प्रकार नर्सरीत भेटतात. लोंबत्या फांद्यांचं, वेलीसारख्या चकचकीत पानांचं आयव्ही जिरेनियम, ज्याने स्वित्झर्लंड आणि बव्हेरियातल्या खिडक्या भरलेल्या असतात. मोठ्या, मखमली फुलांचं रीगल, ज्याला थंडी हवीच, म्हणून ते ठाण्यात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तिसरं वासाच्या पानांचं.

या तिसऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. त्याची फुलं लहानशीच, सगळी किंमत पानांत. पानावर बारीक केस असतात आणि त्यांच्या टोकाला तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी. पान चुरडलं की त्या फुटतात आणि गुलाबाचा वास येतो. हा वास नुसता गुलाबासारखा नाही. सिट्रोनेलॉल आणि जेरॅनिऑल ही गुलाबाच्या अत्तरातली दोन मुख्य द्रव्यं या पानातही असतात. म्हणून तर याचं तेल अत्तर आणि साबणाच्या धंद्यात चालतं आणि आपल्याकडचे शेतकरीही आता जिरेनियमची शेती करू लागले आहेत. गंमत म्हणजे 'जिरेनियम तेल' हे नाव आपल्या मातीतल्या एका गवतालाही चिकटलं होतं. खानदेशात रोशा गवताचं तेल काढत. ते मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. युरोपचे व्यापारी त्याला तुर्की जिरेनियम तेल म्हणत. ते ना तुर्कस्तानचं, ना जिरेनियमचं.

याच वासाच्या जिरेनियमला 'मॉस्किटो प्लांट' म्हणून विकतात. खाडीलगतच्या ठाणेकराला किंवा नेरूळकराला डासांचं नाव काढलं की पैसे काढावेसे वाटतात, हे विकणाऱ्यांना माहीत असतं. पण झाड कुंडीत नुसतं उभं असताना डास पळत नाहीत, हे चाचण्यांत दिसून आलेलं आहे. कारण साधं आहे. तेल ग्रंथीत बंद असतं, पान चुरडल्याशिवाय पुरेसं बाहेर येत नाही. वासासाठी जरूर आणा, डासांसाठी जाळीच लावा. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुठलंही जिरेनियम त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा, चघळलं तर त्यांना त्रास होतो.

पाकळ्यांतही रसायनांचा असाच खेळ आहे. जॅपनीज बीटल नावाचा एक भुंगेरा झोनल जिरेनियमच्या पाकळ्या आवडीने खातो आणि अर्ध्या तासात लुळा पडतो. पाय हलत नाहीत, पाठीवर पडून राहतो. बहुतेकदा दिवसभरात सावरतो, पण तोवर एखादा पक्षी त्याला टिपून जातो. सावरला तर पुन्हा त्याच पाकळ्या खायला येतो. हा परिणाम क्विस्क्वालिक आम्लाचा. आता हे नाव कुठून आलं पाहा. आपल्या सोसायट्यांच्या कंपाउंडवर जी मधुमालती चढलेली असते, संध्याकाळी पांढरी उमलून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुलाबी-लाल होणारी, तिचं जुनं शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. हे आम्ल पहिल्यांदा तिच्या बियांतून काढलं, म्हणून तिचं नाव त्याला मिळालं. खाली गेटवर मधुमालती, वर गॅलरीत जिरेनियम, आणि दोघींकडे एकच अस्त्र.

लाल रंगाचंही असंच. जिरेनियमचा तो झणझणीत लाल ज्या द्रव्यामुळे येतो, त्याचं नाव पेलार्गोनिडिन. स्ट्रॉबेरी लाल दिसते ती प्रामुख्याने याच द्रव्यामुळे. पानाफुलांच्या रंगद्रव्यांवर ज्यांनी काम केलं, त्या रिचर्ड विलश्टेटर यांना 1915 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपल्या गॅलरीकडे येऊ. इथलं हवामान या झाडाला वर्षातून साधारण पाच महिने मानवतं आणि बाकीचे महिने मानवत नाही, हे आधी मान्य करायला हवं. ठाण्यात जानेवारीत पहाटे पारा 17-18 अंशांच्या आसपास येतो, तेव्हा जिरेनियम खुशीत असतं. मे महिन्यात मात्र रात्रीसुद्धा 26-27 च्या खाली उतरत नाही. दिवसाच्या उन्हापेक्षा ही गरम रात्रच झाडाला जास्त जड जाते. दिवसा पान उन्हात साखर तयार करतं. रात्री झाड श्वसनासाठी त्यातली थोडी वापरतं आणि उरलेली कळ्यांना, मुळांना देतं. रात्र जितकी गरम, तितकं श्वसन जोरात. दिवसाची कमाई रात्रीच्या खर्चात जाते आणि फुलासाठी काही उरत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये पानं लहान येतात, कळ्या उमलायच्या आधीच सुकतात. अशा वेळी खत घालणं म्हणजे आजाऱ्याला जेवणाचा आग्रह करणं. मी खत होळीलाच थांबवते.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण कुंडी आत घेतली, पावसाचा एक थेंब लागू दिला नाही, तरी झाड मरतं. बहुतेक लोक इथेच गोंधळतात. झाड मुळांनी पाणी ओढतं, कारण वर पानांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते. जुलैत हवा आधीच वाफेने भरलेली असते, तर पानातून वाफ जाणार कुठे? ओढ थांबते. कुंडीतलं पाणी जिथल्या तिथे राहतं, मातीतली हवेची जागा ते व्यापतं आणि मुळं गुदमरतात. आयव्ही जिरेनियमच्या पानामागे या दिवसांत खरखरीत तपकिरी पुटकुळ्या येतात, त्या रोगाच्या नसतात. मुळांनी चढवलेलं पाणी बाहेर पडू न शकल्याने पेशी फुगून फुटतात, त्यांची ती खपली. मग पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव मुळांतून वर चढतो आणि खोड मातीपासून वरवर काळं होत जातं. माझ्या पहिल्या फांदीचं तेच झालं होतं.

म्हणून जूनमध्ये पाऊस सुरू झाला की माझं पाणी घालणं जवळजवळ बंद होतं. दहा-बारा दिवसांनी कुंडी उचलून बघते. हलकी लागली तर कडेने वाटीभर पाणी, जड लागली तर काही नाही. बोटाचं दुसरं पेर मातीत जाईपर्यंत कोरडं लागलं पाहिजे, हाही हिशोब चालतो. झाड उजेडात आणि वारा लागेल असं ठेवायचं. फुलं येत नाहीत, पानं पिवळी पडून गळतात, खाली नुसता दांडा उरतो. ते दिसायला बरं वाटत नाही. पण झाड दम धरून बसलेलं असतं, मेलेलं नसतं.

लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेच्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. मैदानी भागात जिरेनियमची मातृझाडं पावसाळ्यात कुजून जात, पुढच्या हंगामाला लागवडीसाठी फांद्याच उरत नसत. त्यांनी शेतकऱ्यांसाठी प्लास्टिकच्या कागदाचं कमी खर्चाचं छप्पर सुचवलं, त्याखाली झाडं पावसाळा काढतात. एकराचा प्रश्न आणि आमच्या सहा कुंड्यांचा प्रश्न एकच आहे, हे वाचून मला फार धीर आला होता.

कुंडीबद्दल माझं मत पक्कं आहे: मातीचीच, आणि सहा इंचांहून मोठी नको. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. मातीत मी निम्मी लाल माती, पाव भाग जाडी वाळू आणि पाव भाग गांडूळखत घेते. नर्सरीतून झाड येतं ते बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं. पॉलिहाउसमध्ये ते ठीक असतं, पण आपल्या दमट हवेत कोकोपीट पाणी धरून ठेवतं. मी चार-पाच दिवस झाड घराला सरावू देते आणि मग कोकोपीट हलक्या हाताने झाडून कुंडी बदलते. हे न केल्याने मी एका हिवाळ्यात तीन झाडं घालवली. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

ऊन किती? हिवाळ्यात चार-पाच तास तरी हवंच. इथे दक्षिणेकडच्या गॅलरीची एक सोय आहे. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो, दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे ऊन गॅलरीत खोलवर शिरतं. मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याची स्लॅब आपोआप सावली धरते. म्हणजे हवं तेव्हा ऊन आणि नको तेव्हा सावली. पूर्वेची गॅलरीही चांगली. पश्चिमेकडच्या गॅलरीत फेब्रुवारीनंतर दुपारी पातळ पांढरं कापड बांधावं लागतं. घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये वीस-पंचविसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांना वारा इतका मिळतो की त्यांची जिरेनियमं पावसाळ्यात आमच्यापेक्षा कमी कुजतात. फक्त कुंडी ग्रिलला नीट बांधलेली हवी.

फुलं ओसरली की गुच्छाचा देठ मुळाशी धरून एका बाजूला वाकवायचा. टक् असा बारीक आवाज येतो आणि तो सांध्यातून स्वच्छ निघतो, कात्री लागत नाही. देठ तसाच ठेवला तर झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नवीन कळ्या मागे पडतात.

पण एखादा गुच्छ मुद्दाम ठेवा, ती चोच बघण्यासाठी. पिकली की ती बुडापासून पाच भागांत उकलते. प्रत्येक भागाच्या टोकाला एक बी आणि मागे पिसासारखी केसाळ शेपटी. ही शेपटी सुकली की स्क्रूसारखी पिळ घेते आणि ओली झाली की सुटते. वाऱ्याने बी जमिनीवर पडतं आणि दिवसाच्या कोरडेपणाने, रात्रीच्या दवाने शेपटी पिळत-सुटत बियाला फटीत ढकलत जाते. एक बी ओल्या टिपकागदावर ठेवून मी आणि माझ्या मुलीने ही शेपटी उलगडताना पाहिली आहे. आमच्या दोघींचा चहा आणि दूध समोर गार झालं होतं.

बियांपासून झाड होतं, पण संकरित जातीत ते आईसारखं येईलच असं नाही. फांदीपासून मात्र हुबेहूब तेच झाड मिळतं. जिरेनियमचा घराघरांतला जिव्हाळा मला वाटतं इथे आहे. ठाणे महापालिकेच्या वृक्षवल्ली प्रदर्शनात दुर्मीळ झाडं पाहून डोळे दिपतात, पण ती पाहून परत यायचं. जिरेनियम मागता येतं. विचारायला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याचं झाड छाटल्याने उलट भरतं. नौपाड्यातल्या जुन्या घराच्या ओट्यावरून एखादी फांदी खारघरच्या नव्या फ्लॅटमध्ये जाते आणि रंग तोच राहतो. काकूंच्या फांदीचा लाल त्यांच्या आईच्या दारातला होता.

काकू गेल्या वर्षी मुलाकडे बंगळुरूला गेल्या. तिथली हवा जिरेनियमला आपल्यापेक्षा कितीतरी मानवणारी. त्यांनी झाड नेलं नव्हतं. कोजागिरीच्या आसपास पाऊस पूर्ण ओसरला, तेव्हा मी पावसाळा काढलेल्या झाडाच्या शेंड्याकडच्या चार बोटं लांबीच्या फांद्या घेतल्या, पेराच्या किंचित खाली, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने. खालची पानं काढली, पेराजवळची पातळ पापुद्र्यासारखी उपपर्णंसुद्धा काढली, कारण कूज तिथूनही धरते. दोन फांद्या इथल्यासाठी वाळूमिश्रित मातीत लावायला ठेवल्या, त्यांना तीन आठवड्यांत मुळं फुटतात. दोन वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि बंगळुरूला निघालेल्या त्यांच्या भाच्याकडे दिल्या. गाडी रात्रीची होती. पोचायला दुसरी दुपार होणार होती, म्हणजे लावायची वेळ बरोबर साधणार होती.